अण्णाकडे किडनी मागायला गेलो, ती गोष्ट

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या हातात आजच रिपोर्ट पडला असेल, तर आधीच सांगतो, मी काही आदर्श रुग्ण नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या, पथ्य पाळलं, डॉक्टरांना उलट बोललो नाही. एवढं करूनही जे नुकसान आजाराला जमलं नाही, ते मी नुसतं गप्प बसून करून दाखवलं. चिकपेटेत तीस वर्षं साड्या विकताना ज्याचं तोंड मिनिटभर मिटलं नाही, त्यानं नेमकं बोलायच्या जागी ते मिटून घेतलं. तुम्ही तसं करू नये म्हणून हे लिहितोय. मराठीत अशासाठी की बेंगळुरूतली आमची जुनी घरं बाहेर कन्नड बोलत असली, तरी लपवाछपवी अजून मराठीतच करतात.

बुट्ट्या

पाठ दुखत होती. गठ्ठे उचलून दुखते, असं मी ठरवून टाकलं होतं. शेवटचा गठ्ठा मी कधी उचलला होता हे आमच्या दुकानात कोणालाच आठवत नव्हतं, पण कारण भारदस्त होतं. शेवटी शारदा, माझी बायको, मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन्ही मूत्रपिंडांवर पाण्याचे फुगे, लहान, मोठे, एकाला एक चिकटलेले. मी म्हणालो, एवढी भरगच्च बुट्टी तर आमच्याकडच्या बनारसीवरही नसते. डॉक्टर हसले नाहीत. शारदा तर माझ्या विनोदांना हसायची लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच थांबली होती.

आजाराचं नाव मी इथं देत नाही, ते ज्याला हवं त्याला त्याचे डॉक्टर सांगतील. मला त्या दिवशी जे सांगितलं त्यात दोन गोष्टी होत्या. हा बरा होत नाही, पण रक्तदाब घट्ट धरून ठेवला तर तो हळूहळू येतो, कितीतरी वर्षं लांबवता येतो. आणि हा घराण्यातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला व्हायची शक्यता निम्मी.

"वडील कशानं गेले?" डॉक्टरांनी विचारलं.

आमचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी "अंगात पाणी भरून" गेले. घरात तेवढंच सांगायची पद्धत होती. पाणी कुठून आलं, का भरलं, हे कोणी विचारलं नाही. जणू तळमजल्यावरचं घर होतं आणि पाऊस जास्त झाला.

"भावंडं?"

"एक मोठा भाऊ."

"मग आधी त्यांना सांगा. मुलांनाही. वेळेत कळलं तर पुष्कळ करता येतं."

त्यांनी चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. बाहेर आल्यावर शारदा म्हणाली, इथूनच अण्णांना फोन करू. मी म्हणालो, फोनवर कशाला, संध्याकाळी दुकानात सांगतो. चिठ्ठीची चार वेळा घडी घालून ती पाकिटात अशी ठेवली की पुन्हा काढायला नखं लागावीत.

आमच्या घराण्यात सगळ्यांना फक्त बी.पी. असतं

कारण काय, ते आता सांगायला हवं. मेघनाचं, माझ्या एकुलत्या मुलीचं, लग्न जुळत आलं होतं. मुलगा महादेवपुऱ्यात कंपनीत, आईवडील पुण्याचे, पत्रिका जुळलेली, साखरपुड्याचा हॉल बघून ठेवलेला. आणि आमचा समाज असा की चामराजपेटेत सकाळी शिंकलं तर दुपारपर्यंत तीन घरांतून काढ्याची कृती येते. "त्यांच्या घराण्यात किडनीचं आहे" हे वाक्य एकदा सुटलं की ते पुण्याला माझ्याआधी पोचलं असतं.

बी.पी.चं तसं नाही. बी.पी. इभ्रतीचा आजार. कष्टाळू, जबाबदार माणसाला होतो. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, मला बी.पी. आहे. अण्णालाही तेच. शारदाला माझ्या गळ्याची शपथ घातली. तिनं शपथ पाळली, पण त्यानंतर माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, त्यापेक्षा शपथ मोडली असती तर बरं झालं असतं.

दर दोन महिन्यांनी रक्त तपासायला जायचं, तेव्हा मी दुकानात सांगायचो, कांचीपुरमला खरेदीला चाललो. अर्धा दिवस जयनगरच्या लॅबमध्ये उपाशीपोटी बसायचं आणि संध्याकाळी कांचीपुरमचा थकवा तोंडावर घेऊन परतायचं. एकदा वहिनीनं फर्माईश केली, भावजी, येताना माझ्यासाठी एक आणा. मी आपल्याच दुकानाच्या माळ्यावरची एक मोरपंखी काढून, कागद बदलून तिला दिली. तिनं उलगडली, पदर पाहिला आणि म्हणाली, अहो, ही तर मागच्या महिन्यात मीच नेऊन परत ठेवली होती, फॉल उसवला म्हणून. त्यानंतर तिनं शारदाला बाजूला घेऊन सावध केलं. भावजींवर लक्ष ठेव, हे कांचीपुरम सरळ दिसत नाही. म्हणजे माझी अब्रू वाचवण्यासाठी केलेल्या खटाटोपात मला एक बाई मिळाली, तीही न भेटता.

हे सांगताना मला अजून हसू येतं. पुढचं सांगताना येत नाही.

मेघनाचं लग्न झालं. मी म्हणालो, एवढ्यात नको, नवी नवरी आहे. मग दसरा आला, दिवाळी आली, लग्नसराई आली. चिकपेटेत सांगण्यासारखा मुहूर्त वर्षभर नसतो. अशी पाच वर्षं गेली.

या पाच वर्षांत अण्णा माझ्यापासून सहा फुटांवर, त्याच दुकानात, त्याच गादीवर बसत होता. त्याचं डोकं दुखायचं. दुपारी तो दोन बोटांनी कानशिलं दाबून बसायचा. त्यालाही बी.पी. होतं, गोळी आठवली की घ्यायचा, तीही अर्धी. "स्वल्प वाढलंय, होईल सरी," म्हणायचा, म्हणजे जरा वाढलंय, होईल ठीक. मला माहीत होतं ती डोकेदुखी कशाची असू शकते. दुकानात ते माहीत असलेला मी एकटा माणूस. मी काय केलं? गल्ल्याशेजारच्या खणातून बामची डबी काढून त्याच्याकडे सरकवायचो.

भाजीचं भूत

माझी मूत्रपिंडं थकली तेव्हा मग काही लपवता येण्यासारखं राहिलं नाही. पाय सुजले, अन्न बघून ओकारी यायला लागली. डाव्या हाताच्या मनगटापाशी शीर आणि धमनी जोडायची छोटी शस्त्रक्रिया झाली. तिथं हात ठेवला की आतून मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, मी डायलिसिसच्या मशिनला जोडला गेलो.

नवीन लोकांसाठी दोन शब्द. तहान ही या आजारातली सगळ्यात मोठी चेष्टा आहे. दिवसाला एक लिटर, त्यातच गोळ्या, त्यातच कॉफी. सबंध आयुष्य मी एळनीरच्या गाडीशेजारून, म्हणजे शहाळ्यांच्या, न बघता गेलो असेन. ज्या दिवशी ते बंद झालं त्या दिवसापासून शहरात दुसरं काही विकतच नाहीत. शारदा भाज्या चिरून भिजत घालायची, उकळायची, ते पाणी फेकायची आणि उरेल ते मला वाढायची. ती भाजी नसते, भाजीचं भूत असतं. एकदा मी तसं म्हणालो. ती म्हणाली, भुताला भूतच वाढतात.

भले लोकही भेटले. सेंटरमधली मंजुळा नावाची तंत्रज्ञ सुई टोचायच्या आधी दर वेळी विचारायची, "सार, आज कुठली साडी दाखवणार?" आणि मी फोनमधली नवी साडी शोधेपर्यंत सुई आत गेलेली असायची. मला ती युक्ती महिन्याभरानं कळली. माझंच तंत्र, गिऱ्हाईक बोलण्यात गुंतलं की कापड फाडायचं.

समाजातले लोक भेटायला आले. एकानं सांगितलं, किडनीवाले दहा वर्षं सहज काढतात. मी दहा मोजायला सुरुवात केली तर तोच पुढे म्हणाला, माझा साडू दोनच वर्षांत गेला, पण त्याचं नशीब.

डॉक्टर म्हणाले, प्रत्यारोपण झालं तर यातून सुटाल. शारदाला साखर आहे, ती बाद. मेघना पुढे आली, पण तिच्याकडून घ्यायचं नाही एवढी लाज माझ्यात शिल्लक होती. राहिला अण्णा.

इथं माझं गणित ऐका. शक्यता निम्मी. आम्ही भाऊ दोन. मला झालंय, म्हणजे घराण्याच्या वाट्याचं येऊन गेलं, अण्णा सुटला. हे मी खरोखर मानत होतो. माझ्यासारख्याला दुकानात हिशोबाला बसवत नाहीत ते उगाच नाही.

मागणी

अण्णाला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. वन-बाय-टू कॉफी मागवली, एकीचे दोन पेले. मी दोन दिवस भाषण तयार करत होतो. वडिलांपासून सुरुवात, लहानपणी त्यानं मला केंपेगौडा रस्त्यावर हरवलं होतं तो प्रसंग मध्ये, आणि शेवटी विनंती. मी वडिलांवर आलो आणि तिथंच फिरत बसलो.

अण्णा माझ्या वाटणीची कॉफीही प्यायला, कारण माझं त्या दिवशीचं लिटर संपलं होतं. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "किडनी पाहिजे ना? घे. एवढं वडिलांना मधे कशाला आणतोस?"

मी रडलो. हॉटेलात, वेटरसमोर. अण्णानं त्याला कन्नडमध्ये सांगितलं, याला डोळ्याचं आहे.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. अण्णा, आधी तुझा स्कॅन कर, मला पाच वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. दोन वाक्यं. मी म्हणालो, "तुझे उपकार कसे फेडू?"

स्कॅन

देणाऱ्याची तपासणी असते. अण्णा शर्ट वर करून झोपला, वहिनी बाहेर, मी आत, कारण मला आत राहायचा हट्ट. तपासणाऱ्या बाई आधी गप्पा मारत होत्या, हुबळीच्या होत्या. मग त्या बोलायच्या थांबल्या. यंत्र अण्णाच्या कुशीवर पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरायला लागलं. स्क्रीन मला दिसत होती. बुट्ट्या मला ओळखता येतात.

माझे डॉक्टर आले. त्यांनी बघितलं, अण्णाला समजावून सांगितलं. दोन्ही बाजूंना आहे, काम अर्ध्याच्या खाली आलंय, देण्याचा प्रश्नच नाही, आता तुमच्याच सांभाळून ठेवायच्या. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "तुम्हाला मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना, भावाला तपासून घ्या?"

त्यांचा दोष नाही. त्यांना वाटलं, मी सांगितलं असेल आणि अण्णानंच टाळलं असेल.

अण्णा शर्टाची बटणं लावत होता. एक घर चुकून वर लावलं होतं, तसंच खालपर्यंत लावत गेला.

"पहिला दिवस म्हणजे कधी?" त्यानं मला विचारलं.

मी विनोद शोधला. शपथ, मी शोधला. मग म्हणालो, "मेघनाच्या लग्नाआधी."

"माझं डोकं दुखायचं तेव्हा तू मला बाम द्यायचास," तो म्हणाला. एवढंच. वहिनीला घेऊन तो मेट्रोनं गेला. मी रिक्षा थांबवून ठेवली होती, तिघांसाठी.

दोन काउंटर

वहिनीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती ओरडली नाही. म्हणाली, "भावजी, तुमच्या मेघनाच्या लग्नात मी पाच दिवस राबले. हळद मी दळली. तुम्ही रोज माझ्या हातचा चहा पीत होता." फोन ठेवला नाही तिनं. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली. मग ठेवला.

दुकानात अण्णा पलीकडच्या काउंटरला बसायला लागला. माझ्याशी बोलायचं असलं तर गिऱ्हाइकामार्फत. "ताई, त्या काउंटरला विचारा, इरकलीचा माल आला का." ताई बिचाऱ्या सहा फूट चालत यायच्या, विचारायच्या, उत्तर घेऊन परत जायच्या. काही जणींनी त्या गोंधळात दोन साड्या जास्त घेतल्या.

मुलांचे स्कॅन करायचे होते. मेघनाला मी स्वतः जाऊन सांगितलं, तिच्या सासरी, सासूसमोर. सगळं सांगितलं, का लपवलं तेही. विहीणबाई ऐकून म्हणाल्या, "अहो, एवढंच ना? आमच्या ह्यांना तर लग्नाच्या आधीपासून फिट्स येतात. आम्ही तरी कुठे सांगितलं तुम्हाला?" आणि त्यांनी मला शंकरपाळे दिले. माझ्या भावाच्या पाच वर्षांची किंमत त्या घरात एवढी होती.

मेघनाचा स्कॅन स्वच्छ आला. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तेव्हाच मला नेलं असतं तर लपवायला काही उरलंच नसतं." मग म्हणाली, काही दिवस फोन करू नका.

अण्णाचा मुलगा, अभिजित, अठ्ठावीस वर्षांचा, त्याचाही स्कॅन झाला. त्याला आहे.

माझ्या मुलीसाठी मी हे सगळं केलं होतं. तिला नाहीच. देवाची विनोदबुद्धी माझ्यापेक्षा हलकी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

लोक विचारतात, मन कसं सावरलं. सावरलं नाही. एका समुपदेशक बाईंकडे सेंटरनं पाठवलं होतं. मी त्यांना पाऊण तास हसवलं. शेवटी त्या म्हणाल्या, आता हसवणं सोडून दुसरं काही येतं का ते बघू. मी पुढच्या वेळी गेलो नाही, त्याच्या पुढच्या वेळी गेलो. अजून जातो. तुम्हीही जा, आणि पहिला पाऊण तास वाया घालवू नका.

अण्णा सेंटरला आला

चार महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, मी मशिनवर असताना अण्णा आला. मला वाटलं, समेट. माझा हात सुयांसकट गादीला चिकटपट्टीनं बांधलेला, नाहीतर उठून पायच धरले असते. अण्णानं मला बघितलं नाही. त्यानं मशिन बघितलं. फिरणारं चाक, लाल नळ्या, आकडे. कापडाचा पोत बघावा तसं जवळून, चष्मा कपाळावर सरकवून.

मग स्टूल ओढून बसला. म्हणाला, "अभीला काही कळत नाही, इंटरनेटवर बघून घाबरतो. तुला विचारून ये म्हणाला. दुखतं का?"

"छे," मी म्हणालो. "डास चावल्यासारखं. आपल्या कलासिपाळ्यमचे डास याहून—"

अण्णा उठला. स्टूल जागेवर ठेवलं.

"मी एकदाच आलोय, रघू," तो म्हणाला. "परत येणार नाही. माझ्या मुलाला खरं काय ते कळलं पाहिजे. यावेळी तरी."

मी सांगितलं. सुया दोन असतात, जाड असतात. पहिली दुखते, दुसरी पहिली आठवत असते म्हणून जास्त दुखते. तिसऱ्या तासाला थंडी वाजते. घरी गेल्यावर दिवस संपलेला असतो, दुपारचे दोन वाजले असले तरी. तहानेनं माणूस हलकट होतो, मी शारदाच्या हातून पेला हिसकावून घेतलाय. देवघरातलं तीर्थ चोरून प्यायलोय. मी रडतो, संडासात, नळ सोडून. आणि हेही सांगितलं की अभीला एवढ्यात यातलं काही होणार नाही, त्यानं रक्तदाब सांभाळला तर कदाचित कधीच नाही, कारण त्याला वेळेत कळलंय. हे शेवटचं म्हणताना मी अण्णाकडे बघू शकलो नाही.

अण्णा फोनवर एका बोटानं लिहून घेत होता, कन्नडमध्ये, कारण आम्हा दोघांची शाळा कन्नड. लिहून झाल्यावर त्यानं मला सगळं वाचून दाखवलं, सावकाश, तीर्थासकट. "बरोबर?"

"बरोबर."

तो जाईल असं वाटलं, पण बसून राहिला. शेवटच्या तासात माझी उजवी पोटरी वळली. हे नेहमीचं आहे, आतून कोणी दोरी पिळावी तसं होतं, आणि पाय ताणून धरायला कोणीतरी लागतं. मंजुळा पलीकडच्या रुग्णापाशी होती. मी अण्णाकडे बघितलं. लहानपणी पायात गोळा आला की तोच माझा अंगठा धरून ओढायचा.

अण्णानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग माझ्या पायाकडे. मग पुन्हा घड्याळाकडे. मी दात आवळून, पडद्याचा कोपरा मुठीत धरून होतो. गोळा सुटला तेव्हा त्यानं फोन पुन्हा काढला.

"चार मिनिटं," तो म्हणाला, आणि तेही लिहिलं.